पहिला सीएनसी राउटर स्वतः बांधताना

लाकडात नाव कोरणारं, प्लायमधून जाळी कापणारं, ॲक्रिलिकवर नक्षी काढणारं छोटं सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं यंत्र, घरी बांधता येतं. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड करणारा मुलगा, पॉलिटेक्निकमधली मुलगी, हाताशी थोडा वेळ असलेला सुतार, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, यांच्यापैकी कुणीही ते बांधू शकतं. मापात काम करायची सवय आणि वायरिंगची जाण एवढी तयारी हवी. हा लेख असं यंत्र पहिल्यांदाच डिझाइन करणाऱ्यांसाठी आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पैसा आणि डोकं सांगाड्यात घाला. कंट्रोलर (यंत्राचा मेंदू), ड्रायव्हर (मोटरला वीज देणारं सर्किट), मोटर पुढे एका दुपारीत बदलता येतात. डगमगणारा सांगाडा बदलायचा म्हणजे यंत्रच पुन्हा बांधायचं. नवखे बहुतेक वेळा उलटं करतात. आधी ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक्स मागवतात आणि मग उरलेल्या पैशात सांगाडा बसवतात.

काय कापायचं, केवढं कापायचं

कागदावर पहिली ओळ लिहा ती मालाची: प्लाय, एमडीएफ, सागवान, ॲक्रिलिक. हे यंत्र लोखंड कापणार नाही. ॲल्युमिनियम अगदी हलका घाव घेत कापता येईल, पण डिझाइन त्यासाठी करू नका.

दुसरी ओळ आकाराची. प्लायचा अख्खा ताव ८ बाय ४ फुटांचा असतो आणि तेवढंच यंत्र हवं असं प्रत्येकाला वाटतं. पहिल्या यंत्रासाठी ३०० × ३०० मिमीचं कामाचं क्षेत्र आणि उभी चाल ६० मिमी धरा. दारावरची नावाची पाटी, देव्हाऱ्याच्या जाळीचा एक पॅनेल, पैठणीच्या काठावरचा मोर किंवा कमळ घेतलेली चौकट, हे सगळं एवढ्यात बसतं. मोठी जाळी हवी असेल तर ती तुकड्यांत कापून जोडता येते.

आकार लहान ठेवण्यामागे हिशेब आहे. ८ मिमीची पोलादी दांडी ३०० मिमी अंतरावर दोन टोकांना टेकवली आणि मध्यभागी २० न्यूटन, म्हणजे साधारण २ किलोचा जोर दिला, तर ती जवळपास ०.२८ मिमी वाकते. तेवढ्याने कोरीव अक्षराची कड खराब होते. लांबी दुप्पट केली की वाकणं ८ पट होतं, म्हणजे ६०० मिमीला तीच दांडी २ मिमीच्या वर वाकेल. उलट व्यास दुप्पट केला की ताठपणा १६ पट वाढतो. १६ मिमीची दांडी ३०० मिमीला ०.०२ मिमीसुद्धा वाकत नाही. कुठल्याही भागाची लांबी वाढवायचा मोह झाला की हा हिशेब पुन्हा करा.

सांगाडा

दोन मांडण्या प्रचलित आहेत. एकीत टेबल स्थिर असतं आणि त्यावरची कमान, म्हणजे गँट्री, पुढेमागे सरकते. दुसरीत गँट्री पायाला पक्की बोल्ट केलेली असते आणि टेबल सरकतं. ३०० मिमीच्या यंत्राला मी दुसरीच सुचवेन. उभी कमान हलत नसल्यामुळे ती हवी तेवढी जाड आणि जड करता येते, आणि दोन बाजूंना दोन मोटर लावून त्या जुळवत बसायची गरज राहत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेत: ३५० मिमीचं टेबल ३०० मिमी सरकायचं तर पाया किमान ६५० मिमी लांब लागतो.

साहित्याचे दोन पर्याय परवडतात. पहिला, १८ मिमीचा मरीन प्लाय. आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्या. दोन थर गोंदाने चिकटवून ३६ मिमीची जाडी करा आणि कमानीच्या दोन्ही उभ्या बाजूंना मागून त्रिकोणी आधार द्या. आपल्याकडे मराठवाड्यात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत दमट, त्यामुळे उघड्या कडांचा प्लाय फुगतो-आकसतो आणि यंत्राचा काटकोन जातो. सगळ्या कडा आणि बोल्टची भोकंसुद्धा आतून पॉलिशने किंवा इपॉक्सीने बंद करा.

दुसरा पर्याय ५० × ५० × ३ मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप. गावातला कुठलाही फॅब्रिकेटर तो कापून वेल्ड करून देईल. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो आणि चौकट तिरपी होते. म्हणून आधी सगळे कोपरे टाचून घ्यायला सांगा, कर्ण मोजा, आणि मगच समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने पूर्ण वेल्ड करा. एवढं करूनही पृष्ठभाग रेल, म्हणजे सरकत्या भागांचे रूळ, बसवण्याइतका सपाट राहत नाही. रेलखाली पातळ पत्र्याच्या शिम घालून तो सपाट करावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास राहणाऱ्यांना तिसरी वाट आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग आणि मशिनिंगचं जॉब वर्क करणारी दुकानं आहेत. झेडची, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अक्षाची, प्लेट, मोटरच्या पट्ट्या, बेअरिंगचे ब्लॉक असे चार-पाच भाग नीट ड्रॉइंग करून त्यांच्याकडून कापून घ्या. जिथे काटकोन आणि भोकांचं अंतर महत्त्वाचं आहे तिथे हा खर्च पुरेपूर वसूल होतो. लातूर, नांदेड, परभणीकडे शेती अवजारांच्या वर्कशॉपमधला लेथ स्क्रूची टोकं उतरवून द्यायला पुरेसा आहे. टर्नरला फक्त तोंडी सांगू नका, माप आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला कागद द्या.

रेल आणि स्क्रू

फक्त दोन टोकांना धरलेल्या ८ मिमीच्या दांड्या टाळा. वर केलेला हिशेब त्यांचाच आहे. एसबीआर-१६ नावाचे रेल घ्या. त्यात १६ मिमीचा दंड पूर्ण लांबीभर ॲल्युमिनियमच्या पायावर बसवलेला असतो, त्यामुळे तो मध्ये वाकत नाही. प्रत्येक रेलवर दोन सरकणारे ब्लॉक ठेवा आणि ते शक्य तितके लांब लांब बसवा. जवळजवळ बसवलेले ब्लॉक पिळवटतात.

चाल देण्यासाठी टी-८ लीड स्क्रू स्वस्त आणि पुरेसा आहे. इथे एक बारीक गोष्ट पाहायची. बाजारात सर्रास मिळणारा टी-८ एका फेऱ्यात ८ मिमी पुढे जातो. दिसायला तसाच, पण फेऱ्याला २ मिमी जाणाराही मिळतो. एक्स आणि वाय या आडव्या अक्षांना ८ मिमीचा चालेल, झेडला २ मिमीचाच घ्या. ८ मिमीचा स्क्रू ओझ्याने उलटा फिरतो, म्हणजे मोटरची वीज गेली की स्पिंडल (कापणारं हत्यार फिरवणारी मोटर) स्वतःच्या वजनाने खाली येऊन कामात रुतू शकतो. २ मिमीचा जागच्या जागी अडकून राहतो.

स्क्रूचं एक टोक बेअरिंगमध्ये पक्कं धरा, दुसरं नुसतं टेकवा. कापण्याचा जोर स्क्रू आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगमधून मोटरच्या शाफ्टवर जाता कामा नये. नटमधला मोकळा खेळ, म्हणजे बॅकलॅश, काढायला स्प्रिंग लावलेला दुहेरी नट घ्या.

झेड अक्ष

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. स्पिंडल, त्याची पकड, प्लेट आणि मोटर असं सगळं ओझं गँट्रीच्या पुढे लटकतं, आणि हत्याराच्या टोकावरचा प्रत्येक धक्का तिथून मागे जातो. हत्याराचं टोक रेलपासून जितकं पुढे आणि जितकं खाली, तितकी पकड वाईट. म्हणून झेडची जाडी कमीत कमी ठेवा, गँट्रीवरच्या दोन आडव्या रेलमध्ये १०० ते १५० मिमी उभं अंतर द्या आणि उभी चाल ६० मिमीच्या पुढे नेऊ नका. बांधून झाल्यावर बोटांनी बिटचं, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं, टोक जोरात ढकलून पाहा. हाताला हलतंय असं जाणवलं तर पुढे जाऊ नका, आधी ते शोधा.

मोटर आणि स्पिंडल

नेमा-१७ स्टेपर मोटर, म्हणजे स्टेप या छोट्या ठरलेल्या टप्प्यांनी फिरणारी मोटर, पुरते. नेमाचा आकडा मोटरच्या तोंडाच्या मापाचा आहे, ताकदीचा नाही: १७ म्हणजे साधारण १.७ इंच, प्रत्यक्षात सुमारे ४२ मिमी. ४.२ किलो-सेंमी टॉर्कची मोटर म्हणजे ०.४१ न्यूटन-मीटर. फेऱ्याला ८ मिमीच्या स्क्रूवर, निम्म्याहून जास्त जोर घर्षणात गेला असं धरलं तरी, ती सुमारे १३० न्यूटन ढकलते. वेग वाढला की स्टेपर मोटरचा टॉर्क घसरतो. तो निम्मा राहिला तरी ६० न्यूटन उरतात, आणि लाकडात हलके घाव घ्यायला २०-३० न्यूटन लागतात. मोठं यंत्र करायचं ठरवाल तेव्हा नेमा-२३ कडे वळा.

स्पिंडल म्हणून सुतार सनमायकाच्या कडा मारायला जे ट्रिमर वापरतात तेच घ्या, पण वेग कमी-जास्त करायची चकती असलेलं. साधं ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. त्या वेगाला छोट्या यंत्राची चाल पुरत नाही, बिट एका जागी घासत राहतो आणि एमडीएफ जळतो. ७७५ नावाची स्वस्त डीसी मोटर सर्किट बोर्ड कोरायला ठीक आहे, सागवानाला नाही.

कंट्रोलर

अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारा सीएनसी शील्ड व्ही-३ हा जोडणीचा बोर्ड, ए-४९८८ ड्रायव्हर आणि आत जीआरबीएल हे मोफत फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरमध्ये भरायचा प्रोग्रॅम. जीआरबीएल २००९ मध्ये नॉर्वेत सुरू झालं आणि आज जगभरची छंदाची यंत्रं त्यावर चालतात. पहिल्या यंत्रासाठी यापेक्षा महाग काही घेऊ नका. वीजपुरवठ्यासाठी २४ व्होल्ट, ६ ते १० अँपिअरचा एसएमपीएस घ्या. त्याच्या कडेला ११०/२२० चा सरकस्विच असेल तर जोडण्यापूर्वी तो २२० वर असल्याची खात्री करा.

दर मिमीला किती स्टेप, हे जीआरबीएलला सांगावं लागतं. मोटर फेऱ्याला २०० स्टेप घेते. ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर ठेवला, म्हणजे एका स्टेपचे आठ भाग केले, की १,६०० होतात. ८ मिमीच्या स्क्रूला १,६०० भागिले ८, म्हणजे २००. झेडच्या २ मिमीच्या स्क्रूला ८००. हे आकडे एक्स, वाय, झेडसाठी अनुक्रमे डॉलर-१०० ($100), डॉलर-१०१ ($101) आणि डॉलर-१०२ ($102) या सेटिंगमध्ये जातात.

ड्रायव्हरचा करंट न लावता मोटर चालवू नका. ड्रायव्हरवरचे दोन बारीक रेझिस्टर भिंगाने वाचा. आर-१०० लिहिलं असेल तर ते ०.१ ओमचे आहेत, आणि १.२ अँपिअर हवा असेल तर व्हीरेफ, म्हणजे करंट ठरवणारा संदर्भ व्होल्टेज, ०.९६ व्होल्टला लावायचा. आर-०५० असेल तर त्याच्या निम्मा. चालू यंत्रात मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर त्याच क्षणी जळू शकतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र असेल तर ड्रायव्हरवर पंखा हवाच. पंख्याच्या तोंडाला गाळणीचं कापड लावा, नाहीतर भुसा आत ओढला जाईल.

आणखी एक जागा जिथे पुष्कळ जण दिवसभर अडकतात. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत झेडच्या लिमिट स्विचची (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारा स्विच) आणि स्पिंडलच्या वेगाची पिन आपसांत बदललेली आहे, पण शील्डवरची छापील नावं जुनीच आहेत. झेडचा लिमिट स्विच शील्डवर स्पिंडल इनेबल लिहिलेल्या पिनला जोडा. लिमिट स्विच सगळे एनसी, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं ठेवणारे, असे जोडा आणि डॉलर-५ ($5) ला १ द्या. मग वायर तुटली तरी यंत्राला कळतं.

लाइट गेली तर

आपल्या भागात बसून यंत्र डिझाइन करणाऱ्याने हा प्रश्न पहिल्याच दिवशी वहीत लिहायला हवा. काम अर्ध्यावर असताना लाइट गेली की काय होतं पाहा. मोटर आणि ट्रिमर थांबतात. यंत्राला आज्ञा पाठवणारा लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, आणि त्याच्या यूएसबीवर जगणारं अर्डुइनोही. ते स्टेप मोजत पुढे जातं, मोटर मात्र जागेवरच असते. थोड्या वेळाने लाइट आली की ट्रिमर आपोआप सुरू होतो आणि यंत्र चुकीच्या ठिकाणाहून कापू लागतं. त्या वेळी तुमचा हात बिटजवळ असू शकतो.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला आपण ऑटो लावतो, रात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. या यंत्राला नेमकं उलटं हवं: लाइट आली तरी माणसाने हिरवं बटण दाबेपर्यंत काहीही सुरू होता कामा नये. त्यासाठी सिंगल फेजचा काँटॅक्टर, म्हणजे आतल्या कॉइलला वीज मिळाली की जोडला जाणारा स्विच, घ्या. एसएमपीएस आणि ट्रिमर दोन्ही त्याच्यामागे जोडा. हिरवं बटण दाबल्यावर काँटॅक्टर स्वतःच्याच एका काँटॅक्टवर धरून राहतो. लाइट गेली की सुटतो आणि परत आली तरी सुटलेलाच राहतो. कॉइलच्या वायरमध्ये लाल मशरूम बटण घाला, तेच तुमचं इमर्जन्सी स्टॉप.

त्याच काँटॅक्टरवर एक एनसी ऑक्झिलरी, म्हणजे जोडीचा, काँटॅक्ट बसवा आणि त्याच्या दोन वायरी शील्डवरची ॲबॉर्टची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडा. काँटॅक्टर सुटला की ही पिन ग्राउंडला जाते, जीआरबीएल थांबतं आणि स्टेप मोजणं बंद होतं. २३० व्होल्टचं हे काम स्वतःला येत नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्या आणि ओळीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असू द्या.

पुन्हा सुरुवात करताना यंत्राला होमिंग, म्हणजे लिमिट स्विचपर्यंत जाऊन स्वतःची जागा ओळखणं, करू द्या. कामाचा शून्य जी-कोडच्या (यंत्राला द्यायच्या आज्ञांची भाषा) जी-५४ मध्ये साठवला असेल तर तो वीज गेल्यावरही टिकतो. जी-९२ ने लावलेला टिकत नाही. मोठं काम एकाच फाइलमध्ये चालवू नका. कोरीवकाम एका फाइलमध्ये, आतल्या भोकांचं कापणं दुसऱ्या, बाहेरची कड तिसऱ्या. मग लाइट गेली तरी एकच टप्पा पुन्हा करावा लागतो.

जुळणी आणि तपासणी

काटकोन गुण्यावर विसंबून ठरवू नका. टेबलावर १५० आणि २०० मिमीच्या खुणा करून कर्ण २५० येतो का ते मोजा. बॅकलॅशसाठी डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावा: अक्ष १० मिमी पुढे, १० मिमी मागे, काटा शून्यावर येतो का. पाव मिमी फरक असेल तर नट किंवा कपलिंग सैल आहे.

नंतर ट्रिमरच्या जागी बॉलपेन बांधून कागदावर १०० मिमीचा चौकोन आणि १०० मिमीचं वर्तुळ काढा. वर्तुळ वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे चपटं दिसलं तर तो बॅकलॅशच आहे. चौकोनाच्या बाजू कमी-जास्त भरल्या तर स्टेपचा आकडा तपासा. दोन्ही बरोबर आल्यावरच बिट लावा. टेबलावर १८ मिमीचा एमडीएफ बोल्ट करा आणि तो पहिल्यांदा यंत्राकडूनच तासून घ्या. मग तो त्या यंत्राच्या चालीशी समांतर होतो.

पहिलं काम: मराठी पाटी

इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करा. फाँट जाड वजनातला घ्या, मुक्ता चालेल. मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, रूपांतर करून लगेच युनियन करा, म्हणजे सगळे आकार एकत्र करा. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येतं आणि त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. युनियन केलं नाही तर बिट शिरोरेषेत प्रत्येक जोडाशी आडवा चिरा पाडतो.

अक्षरं आरपार कापायची असतील तर हीच शिरोरेषा मोठी मदत करते: ग, श, ण यांचे सुटे भाग ती धरून ठेवते आणि अख्खा शब्द एक तुकडा राहतो. अनुस्वार मात्र गळून पडतो. त्याला बारीक मानेने रेषेशी जोडा. चंद्रबिंदूचंही तसंच. ३.१७५ मिमीचा बिट त्याहून अरुंद फटीत जाऊ शकत नाही, त्यामुळे क्ष आणि ज्ञ असलेल्या नावांना अक्षराची उंची ६०-७० मिमी तरी ठेवा.

प्लायमध्ये दोन धारांचा ३.१७५ मिमीचा बिट मिनिटाला १५,००० फेऱ्यांवर, चाल मिनिटाला ९०० मिमी आणि एका घावाची खोली १ मिमी, इथून सुरुवात करा. हा हिशेब दर धारेला ०.०३ मिमी चिपचा, म्हणजे निघणाऱ्या ढलपीचा, आहे. हाताला बारीक पीठ लागलं आणि जळका वास आला तर चाल वाढवा किंवा फेरे कमी करा. यंत्र थरथरलं तर खोली कमी करा. बाहेरची कड कापताना तीन-चार ठिकाणी ४ मिमीचे टॅब, म्हणजे न कापलेले दुवे, सोडा, नाहीतर शेवटच्या फेऱ्यात सुटलेला तुकडा उडतो. एमडीएफच्या भुशात रेझिन असतं, म्हणून एन-९५ मास्क आणि व्हॅक्युम क्लीनर दोन्ही वापरा. चष्मा घाला. हातमोजे घालू नका, गळ्यात उपरणं किंवा ओढणी नको.

खर्चाची वाटणी

३० हजारांचं बजेट धरलं तर मी निम्मे पैसे सांगाडा, रेल आणि स्क्रूला देईन, पाच-सहा हजार मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सला, साडेतीन-चार हजार ट्रिमरला. काँटॅक्टर, बटणं, शील्डेड वायर, अर्थिंग यांना तीन हजार बाजूला काढून ठेवा आणि तिथे काटकसर करू नका. उरतील ते बिट आणि वाया जाणाऱ्या प्लायसाठी, कारण शिकताना बिट तुटतातच. पैसे कमी पडले तर कामाचं क्षेत्र २०० मिमीवर आणा, रेलची जाडी तीच ठेवा.

यंत्रावर आणखी शिकायचं असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये आणि जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. जी-कोड मोठ्या व्हीएमसीवर (कारखान्यातलं सीएनसी मशिनिंग यंत्र) शिकलात तरी त्यातला बराचसा इथे तसाच लागू पडतो.

यंत्र नीट चालू लागलं की डॉलर-डॉलर ($$) ही आज्ञा देऊन सगळ्या सेटिंग वहीत उतरवून घ्या. पहिल्या आठवडाभराच्या कामानंतर सांगाड्याचा प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, रेल कोरड्या कापडाने पुसून हलकं तेल द्या आणि बॉलपेनची चाचणी परत एकदा घ्या.